न झोपणारी सायकल

सह्याद्रीच्या एका कड्यावर उंबरदरा नावाचं गाव होतं आणि त्या गावात हिरामण धिंदळे नावाचा एक वाटाड्या राहत होता. गाव कड्यावर, आणि कड्याच्या पायथ्यापासून जंगलातून वर चढणारी दगडधोंड्यांची एक अरुंद वाट. पूर्वी त्या वाटेने लमाणांचे बैल जात. पुढे नुसती माणसं जाऊ लागली. अलीकडे शहरातली हौशी मंडळी जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन तिथे यायला लागली होती. वळण चुकलं की थेट दरी, म्हणून त्यांच्यापुढे कोणीतरी जाणता माणूस लागायचा. तो मान हिरामणचा.

हा मान मतं देऊन मिळत नसे. गावदेवी घाटजाईच्या जत्रेच्या सकाळी, ज्यांना वाटाड्या व्हायचं असेल त्यांनी पायथ्यापासून सायकल हाणायची. जो आधी कड्यावरच्या तिच्या देवळाच्या पायरीला हात लावेल त्याच्या गळ्यात पितळेची शिट्टी पडायची आणि वर्षभर पाहुण्यांपुढे तोच. हिरामणच्या गळ्यात ती शिट्टी इतकी वर्षं होती की त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर छातीशी एक हिरवट डाग पडलेला असे. बायको तो घासायचं केव्हाच सोडून बसली होती.

माणूस भला, कष्टाळू. फक्त एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं 'का' डोक्यात शिरलं की त्याला अन्न गोड लागत नसे. घरातला मिक्सर इतका का गुरगुरतो हे पाहायला त्याने तो एकदा उघडला. त्यानंतर मिक्सर गुरगुरला नाही आणि फिरलाही नाही. शेजारपाजारचे लोक हिरामण येताना दिसला की आपला रेडिओ आत नेऊन ठेवत.

त्याची सायकल मात्र त्याला अंतर्बाह्य ठाऊक होती. ती तारेची. हँडलवर अंगठ्याखाली एक खटका, खटक्यापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली बारीक पोलादी तार. खटका दाबला की तार ओढली जायची आणि चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर चढायची. मोठ्या चकतीवर गेली की चढ हलका, लहानीवर गेली की पाय जड पण वेग जास्त. तार सैल झाली की त्याला अंगठ्यातच कळे. पावसाळ्यात चिखल शिरून ती कुरकुरायला लागली की तो दोन थेंब तेल सोडायचा आणि लहान मुलाला समजवावं तसं काहीतरी पुटपुटायचा.

अशात एक दिवस सुगंधा गावात परत आली. ही असवल्यांची मुलगी. पुण्यात काही वर्षं सायकलीच्या दुकानात काम करून तिने तिथलीच एक वापरलेली सायकल घेतली होती आणि तिला आता गावातच राहायचं होतं. सायकल पाहायला अर्धं गाव जमलं, कारण तिला तारच नव्हती. हँडलवर एक बटण होतं. मागच्या चाकाशी काडेपेटीएवढी बॅटरी आणि एक इवलीशी मोटर. बटण दाबलं की मोटर झूं करून चेन हलवायची. मधे काहीच नाही, नुसती हवा. आणि मोटरच्या अंगावर मुगाएवढा हिरवा दिवा.

सुगंधाने आल्या आल्या सांगून टाकलं की यंदा जत्रेत ती उतरणार. शिट्टी हवी होती तिला. गावात राहायचं तर काम हवं, आणि तिला येत होतं ते काम हेच होतं.

झालं. गावात तट पडले. एक तारवाले आणि एक बटणवाले. यातल्या निम्म्यांना सायकल चालवताही येत नव्हती, पण मत प्रत्येकाचं पक्कं होतं. पारावर रोज संध्याकाळी तार आणि बटण. बटणवाले म्हणत, तार गंजते, ताणते, तुटते. तारवाले म्हणत, तुटली तर बांधता तरी येते, बॅटरी मेली तर काय फुंकर मारणार? शेवटी सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं. एवढे कान आपल्याकडे लागलेले पाहून हिरामणलाही चढलं. तो म्हणाला, "बॅटरी मोबाइलात शोभती. आपल्या घाटात तिचं काम न्हाई."

पार खूश झाला. हिरामणही खूश झाला. एकदा चारचौघांत बोललेलं वाक्य माणसाला घट्ट धरून ठेवतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तो गावामागच्या जांभळीच्या चढावर बसला होता आणि खालून सुगंधा आली. तो चढ वाईट. तिथे तारेची सायकल असली की गियर बदलण्याआधी क्षणभर पाय हलके सोडावे लागतात. नाहीतर चेन कडकड करते, कधी तुटतेही. सुगंधाने पाय सोडले नाहीत. सगळा जोर पायावर असतानाच तिने बटण दाबलं, आणि चेन आवाज न करता मांजरासारखी वरच्या चकतीवर जाऊन बसली. हिरामणचं तोंड उघडं पडलं. 'कसं केलंस ग?' हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण पारावरचं वाक्य आठवलं, आणि त्याने तोंड मिटून जांभळीकडे पाहिल्यासारखं केलं.

जत्रेच्या आधी दोनदा सरावाची चढाई होई. तिचा एक रिवाज होता. घाटजाईला सामोरं जायचं ते चढत जायचं, असा तिथला नेम. त्या वाटेने आधी उतरायचं आणि मग चढायचं म्हणजे देवीला पाठ दाखवून आल्यासारखं. म्हणून आदल्या दिवशी सायकली जीपच्या मागे लोखंडी आकड्यांना टांगायच्या आणि लांबच्या गाडीरस्त्याने पायथ्याला न्यायच्या. चाक जमिनीला लावायचं नाही. जीप इसाकभाईची. इसाकभाई काही नुसत्या सायकली न्यायला रिकामा बसलेला नव्हता. वाटेत त्याला कुठे गोणी टाकायच्या असत, कुठे कोंबड्यांची खुराडी घ्यायची असत, कुठे एखाद्या सोयरिकीचा निरोप द्यायचा असे. सकाळी निघालेली जीप सगळ्या खाचखळग्यांची विचारपूस करत दिवस मावळताना पायथ्याला पोचायची. तिथे जंगलात पत्र्याची एक धर्मशाळा होती. वीज नाही, पाणी झऱ्याचं. रात्री तिथे झोपायचं आणि सकाळी चढाई.

पहिल्या सरावाला सुगंधाची बॅटरी अर्ध्या घाटात मेली. बटण दाबून दाबून तिचा अंगठा दुखला, चेन जागची हलेना. ती घामाघूम होऊन सायकल ढकलत वर आली. आपणच भरायला विसरलो असू, असं तिला वाटलं. तारवाल्यांनी त्या दिवशी पारावर भजी वाटली.

दुसऱ्या सरावाच्या आदल्या रात्री तिने बॅटरी सगळ्यांसमोर, देवळातल्या प्लगला लावून भरली. देवळाची पुजारीण भागाबाई स्वतः शेजारी बसून राहिली. तरी दुसऱ्या सरावालाही बॅटरी घाटातच मेली. सुगंधाने ती पुण्याला दुकानात पाठवली. दुकानदाराने तपासून परत पाठवली आणि कळवलं की थोडी जुनी आहे खरी, पण एका चढाईला मरावी इतकी नाही. आणि खरंच, गावाच्या पठारावर ती त्याच बॅटरीवर आठवडा आठवडा हिंडत होती. फक्त घाट चढायला गेली की बॅटरी मरायची.

"घाटजाईला बॅटरी चालत न्हाई," असं गावात एकाने म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते सगळ्यांना पूर्वीपासून माहीत होतं.

हिरामणला खूश व्हायला काहीच हरकत नव्हती. त्याचं वाक्य खरं ठरत होतं. पण त्याचं जेवण उतरेना. पठारावर आठवडाभर चालणारी वस्तू घाटात अर्ध्या दिवसात का मरावी? देवीला बॅटरी चालत नसेल तर देवळातल्या प्लगवर ती भरली तरी कशी? आणि देवीच्या पायरीवर बसून भागाबाई रोज टॉर्च लावून पोथी वाचते, ती कशी काय चालते? हिरामण भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसायचा. बायको म्हणायची, आता काय उघडलंत?

मग त्याला दुसऱ्या सरावाचा प्रवास आठवला. एरवी तो जीपमध्ये पुढे, इसाकभाईच्या शेजारी बसायचा. वाटाड्याची जागा ती. त्या दिवशी एका म्हातारीला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून त्याने तिला पुढे बसवलं आणि स्वतः मागे गोण्यांवर बसला. समोर सायकली आकड्यांना लोंबकळत होत्या. आणि सुगंधाच्या सायकलीवरचा तो मुगाएवढा हिरवा दिवा सारा दिवस पेटलेला होता. त्याने तो पाहिला होता आणि सोडून दिला होता. पेटलाय तर पेटलाय, दिवाच तो.

पण ती सायकल असवल्यांच्या पडवीत उभी असते तेव्हा दिवा विझलेला असतो. हेही त्याने पाहिलं होतं.

हातातली भाकरी ताटात टाकून हिरामण उठला. संध्याकाळची वेळ, असवल्यांकडे सगळे शेतावर. पडवीत सायकल उभी. दिवा विझलेला. हिरामण इकडेतिकडे बघून तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने एका बोटाने तिला हळूच ढकललं. दिवा पेटला. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. काही वेळाने दिवा आपोआप विझला. त्याने पुन्हा बोट लावलं. पुन्हा पेटला. पुन्हा वाट पाहिली, पुन्हा विझला.

हिरामणला एवढा आनंद झाला की त्याने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. ही सायकल झोपते तर! कोणी हलवलं नाही की झोपते आणि बॅटरी वाचवते. हलवलं की तिला वाटतं मालकीण आली, आता निघायचं, आणि ती जागी होते. आणि गावचे शहाणे लोक तिला आकड्याला टांगून दिवसभर खड्ड्यांतून हिंदकळवत नेत होते. बिचारी सारा दिवस डोळे उघडे ठेवून मालकिणीची वाट बघायची. सकाळी चढायची वेळ येई तेव्हा तिच्यात जेमतेम जीव उरलेला असायचा. ना देवीचा कोप, ना बॅटरीचा दोष. त्याने वाकून बघितलं. बॅटरी एका कडीने अडकवलेली होती. टांगण्याआधी कडी सरकवून बॅटरी काढून खिशात टाकली की संपलं. इतकं सोपं.

तो उठला. सुगंधाला शेतावर गाठावं आणि सांगावं म्हणून कुंपणापर्यंत गेलाही. तिथे त्याचा हात गळ्यातल्या शिट्टीला लागला, आणि पाऊल थांबलं.

कारण सुगंधा चढायला त्याच्याहून कमी नव्हती. पठारावर तिला त्याने पाहिलं होतं. बॅटरी जिवंत राहिली तर शिट्टी राहते की जाते, सांगता येत नव्हतं. आणि शिट्टी गेली तर हिरामण कोण? गुडघे दुखायला लागलेला, मिक्सर बिघडवणारा एक माणूस. पारावरच्या त्या वाक्याचं काय, तेही होतंच. तो कुंपणापासून परत फिरला आणि घरी येऊन जेवला. पोटभर जेवला, पण चव लागली नाही.

जत्रेच्या आदल्या सकाळी जीप भरली. गोण्या आल्या, खुराडी आली. सुगंधाने बॅटरी रात्रभर भरून आणली होती. ती तिने नीट पुसून सायकलीला अडकवली, कडी लावली आणि सायकल आकड्याला टांगली. हिरामण तिथेच उभा होता. त्याने मनाशी म्हटलं, मला काय कोणी विचारलंय? ज्याची सायकल त्याने बघावी. हा विचार त्याला फार पटला, इतका की तो त्याने रस्त्यात पुन्हा पुन्हा केला.

त्या दिवशी पुढची जागा रिकामी होती. इसाकभाईने त्याला हाक मारली. पण हिरामण मागे जाऊन गोण्यांवर बसला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. समोर हिरवा दिवा पेटलेला. खड्डा आला की सायकल हले आणि दिवा पेटलेलाच राही. गोणी उतरवायला जीप थांबली की तो मिणमिण करत विझायला लागे, तेवढ्यात इसाकभाई पुन्हा गाडी सुरू करी. शेजारी, सायकलींकडे पाठ करून, सुगंधा बसली होती. ती उद्याच्या चढाबद्दल बोलत होती. तिने त्याला विचारलं, खिंडीतल्या ओल्या कातळावर चाक डावीकडे ठेवायचं की उजवीकडे. त्याने खरं ते सांगितलं, उजवीकडे. वाट विचारली तर वाटाड्या खोटं सांगत नाही, एवढं त्याच्यात होतं. पण दिव्याबद्दल तिने विचारलं नाही, आणि तो बोलला नाही.

जत्रेच्या सामानापायी जीप एरवीपेक्षा जास्तच रेंगाळली, आणि संध्याकाळी पायथ्याला पोचेपर्यंत दिवा हिरव्याचा लाल झाला होता.

सुगंधाने तो सकाळी पाहिला. तोवर लालही उरला नव्हता. तिने बटण दाबलं. मोटर एकदा कण्हली आणि गप्प झाली. चढाई बघायला पायथ्याला जमलेल्या लोकांमध्ये हसू पसरलं. बटणवाल्यांनी माना खाली घातल्या. सुगंधा रडली नाही. ती सायकलीशेजारी खाली बसली आणि बॅटरी काढून, उलटीपालटी करून बघत राहिली. तिला हरण्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून तिला कळत नव्हतं याचं वाईट वाटत होतं. हे हिरामणने ओळखलं. ते तोंड त्याचं स्वतःचं होतं. मिक्सर उघडून बसलेला असताना त्याचं तोंड असंच व्हायचं.

शेवटी तीच त्याच्याकडे वळली. "काका, तुम्हाला सगळं उघडून बघायची सवय आहे. तुम्हीच सांगा. हे असं का होतंय?"

आता विचारलं होतं.

हिरामणला पळून जावंसं वाटलं. 'देवीची मर्जी' म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. निघणाऱ्यांना टिळा लावायला आलेली भागाबाई हातात शेंदराची वाटी घेऊन उभी होती, तारवाले पाठीशी होते, शिट्टी गळ्यात होती. फक्त एवढंच बोलायचं होतं. पण जन्मभर 'का' विचारत आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या 'का'चं खोटं उत्तर देता येईना. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"जीपमधी हलत ऱ्हाती म्हणून ती झोपत न्हाई. दिवसभर जागी ऱ्हाती अन् बॅटरी खाती. टांगायच्या आधी बॅटरी काढून ठेवायची, बास." आणि लगेच पुढे, "मला हे आधीपासनं ठावं व्हतं. काल टांगलीस तवाबी ठावं व्हतं."

सुगंधाने हातातली बॅटरी खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला झालं. ती हळू आवाजात म्हणाली, "काल सांगायला किती वेळ लागला असता, काका? नुसती कडी तर सरकवायची होती."

हिरामणने मान खाली घातली. तारवाल्यांपैकी एकजण म्हणाला की झालं ते झालं, मुहूर्त टळतोय, ज्याची सायकल चालते त्याने चढावं. इसाकभाई म्हणाला, बॅटरी वर नेऊन, भरून परत आणेपर्यंत उद्या उजाडेल, आणि जत्रा आजच आहे.

हिरामणने सुगंधाच्या सायकलीची चेन पाहिली. काल जिथे होती तिथेच, मधल्या एका चकतीवर अडकून पडलेली. चढाला जड, पण अगदीच अशक्य नाही. त्याने आपली सायकल उलटी केली, खटका दाबत आणि पेडल हाताने फिरवत चेन बरोबर तेवढ्याच मोठ्या चकतीवर आणून ठेवली. मग डोक्याचा रुमाल सोडला, अंगठ्याखालच्या खटक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि दोन्ही टोकं भागाबाईपुढे धरली.

"गाठ तू मार, भागाबाई. सुटली तर मी हारलो."

तारवाले खवळले. हिरामण त्यांचं नाक कापतोय, असं एकजण तोंडावर म्हणाला. भागाबाईने शेंदराची वाटी खाली ठेवली, दातओठ खाऊन अशी गाठ मारली की रुमाल चिरडला, आणि वर शेंदराचं बोट लावलं. मग तिने दोघांकडे पाहून एकच गोष्ट सांगितली, की देवी वर आहे, निघा.

निघाले. त्या दिवशीच्या चढाईत कोणाचा गियर बदलला नाही. सपाटीला दोघांचे पाय भिंगरीसारखे फिरत, तरी सायकल रेंगाळायची. चढाला पेडल पाषाणासारखं जड व्हायचं. हिरामणचा अंगठा सवयीने खटक्याकडे जाई आणि रुमालाला आपटून परत येई. पहिल्यांदा त्याला राग आला. मग त्याच्या लक्षात आलं की सुगंधाच्या अंगठ्याचंही तसंच होतंय, आणि एवढ्या दमातही त्याला हसू आलं. खिंडीतल्या कातळावर तिने चाक उजवीकडे ठेवलं. तो पुढे होता. जांभूळवनात दोघं बरोबर आले. शेवटचा चढ दोघांनाही बसून चढता येईना. उभं राहून, सगळं अंग पेडलवर टाकून, एकेक फेरा घ्यायचा. हिरामणचा डावा गुडघा तिथे त्याला सोडून गेला. तो उतरला आणि ढकलू लागला. सुगंधा उतरली नाही. ती त्याच्या शेजारून, दात आवळून, रडवेल्या तोंडाने वर गेली आणि तिने देवळाच्या पायरीला हात लावला.

मागून हिरामण आला. रुमालाची गाठ जशीच्या तशी होती. भागाबाई पालखीतून, म्हणजे इसाकभाईच्या भाच्याच्या मोटरसायकलवरून, लांबच्या रस्त्याने दुपारी वर आली आणि तिने ती तपासली. मग हिरामणने आपल्या हाताने शिट्टी काढून सुगंधाच्या गळ्यात घातली. त्याला वाईट वाटलं, खूप वाटलं, ते त्याने लपवलं नाही. डोळे पुसले आणि बाजूला झाला.

बटणवाले नाचायला लागले, की बटण जिंकलं. तारवाले म्हणाले, तार बांधून टाकली नसती तर दिसलं असतं. दोन्हीकडचे हिरामणच्या अंगावर आले, की तूच सांग काय ते. हिरामण पायरीवर गुडघा चोळत बसला होता. तो म्हणाला, "बटण मेलं व्हतं अन् तार बांधली व्हती. चढली ती सुगंधा."

त्यावर वाद घालायला कोणाकडे काही उरलं नाही, तरी बरेच जण घालत राहिले.

सुगंधा त्याच्याशी काही दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. मग एका सकाळी ती सायकल घेऊन त्याच्या दारात आली. बॅटरी भरलेली होती, हिरवा दिवा पेटलेला. तिने नुसती सायकल त्याच्यापुढे धरली. हिरामणने काही न विचारता टांग टाकली. गावामागच्या जांभळीच्या चढाला तो लागला, पायावर सगळा जोर ठेवूनच त्याने बटण दाबलं, आणि चेन गुपचूप वर जाऊन बसली. हिरामण मोठ्याने हसला. मग खाली आणली, पुन्हा वर, पुन्हा खाली. चढ संपला तरी तो बटण दाबतच राहिला. तिकडे सुगंधा त्याची तारेची सायकल घेऊन मागे आली होती. अंगठ्याखाली तारेची ती ओढ तिला पुण्याला गेल्यापासून जाणवली नव्हती. खटक्यागणिक चाकापाशी काय चाललंय ते बोटात कळत होतं. तीही पुन्हा पुन्हा खटका दाबत होती.

दोघं परत आले तेव्हा पार भरलेला होता. सगळे वाट बघत होते. एका तारवाल्याने अगदी नाकासमोर येऊन विचारलं, आता तरी सांग हिरामण, तार चांगली की बटण?

हिरामण विचारात पडला. पूर्वी त्याला हे किती पटकन सांगता आलं होतं.

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला, आणि सुगंधाकडे वळला. "उद्या परत देशील का गं?"

तात्पर्य: उत्तर आपल्या बाजूचं निघालं तर मिरवायचं आणि विरुद्ध निघालं तर गिळायचं, याला जिज्ञासा म्हणत नाहीत. ज्याला खरोखर जाणून घ्यायचं आहे, त्याने हरण्याचीही तयारी ठेवावी, आणि कळलेलं सांगायला उशीर करू नये.